बंद खदानीचं पाणी : गावाने सुरुवात कुठून करायची

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जुन्या खुल्या कोळसा खदानीचा खड्डा आहे. काम थांबून बरीच वर्षं झाली. यंत्रं गेली, ट्रक गेले, फाटकावरचा चौकीदारही गेला. मागे राहिला पाण्याने भरलेला खड्डा आणि त्याच्या कडेला ओबीचे ढीग, म्हणजे कोळशाच्या वरचा काढून टाकलेला माती-दगडाचा थर. गावाने ठरवलं, आपणच काहीतरी करू. पहिल्या पावसाळ्यात ढिगावर झाडं लावली. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, सगळे आले होते. मीही खड्डे खणले. होळीपर्यंत एकही रोप हिरवं राहिलं नाही, आणि ढिगाखालून निघणारा नाला होता तसाच तांबडा वाहत राहिला.

त्याच उन्हाळ्यात नाल्याच्या काठावर गावातले एक म्हातारे गुराखी भेटले. त्यांची म्हैस तहानलेली होती. पाण्यापर्यंत गेली, वास घेतला आणि मागे फिरली. "पाह्यलं का मास्तर," ते म्हणाले, "जनावराले समजते. तुमी वरतं झाडं लावून रायले, अन् इख खालतं उतरून रायलं."

तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. आधी पाणी, मग माती, झाडं सगळ्यात शेवटी. वणी, मारेगाव, झरी, भद्रावती, वरोरा, राजुरा, घुग्घुस, उमरेड, सावनेर या कोळसा पट्ट्यातल्या गावांना हा क्रम जसाच्या तसा लागू पडेल. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीज पट्ट्यात आणि कोरपना-गडचांदूरच्या चुनखडी पट्ट्यात तपशील बदलतील, पण क्रम तोच ठेवा.

पाणी बिघडतं कसं

कोळशासोबत आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट नावाचं खनिज असतं. लोखंड आणि गंधक यांचा तो सोनेरी चमकणारा संयोग. जमिनीखाली गाडलेला असेपर्यंत तो कुणाला त्रास देत नाही. खदान खोदली, खडक फुटला, हवा आणि पाणी दोन्ही लागलं, की त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं आणि लोह सुटतं. हे आम्ल पुढे दुसऱ्या खडकातले धातूही विरघळवतं. पाणी उघड्यावर आलं की त्यातलं लोह हवेने गंजतं आणि नाल्याच्या दगडांवर तांबडा-पिवळा गाळ चढतो. हात लावला तर तो शेवाळासारखा बुळबुळीत लागतो, वाळला की पिवडीसारखी भुकटी होते.

सगळ्याच खदानींचं पाणी आम्लधर्मी नसतं, हे लक्षात ठेवा. कितीतरी ठिकाणी ते स्वच्छ, निळंशार दिसतं आणि सामूही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) ठीक असतो, पण त्यात सल्फेट आणि क्षार इतके असतात की डाळ शिजत नाही, वावराला दिलं तर माती पांढरी पडते. मँगनीज खाणीजवळ पाणी साठवलेल्या भांड्याला काळा थर धरतो, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळपट डाग येतात. डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर निकाल देऊ नका.

नाल्याच्या उलट दिशेने चाला

हे काम दोनदा करायचं. एकदा मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना. आणि एकदा पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेल्यावर. उन्हाळ्यात जे वाहतं ते खदानीतून झिरपणारं पाणी, पावसात जे वाहतं ते ढिगावरून धुऊन येणारं. दोघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून दोन्ही पाहायचे.

गावाच्या खालच्या टोकाकडून वर चालायला लागा. सोबत तलाठ्याकडून घेतलेल्या गावनकाशाची झेरॉक्स, पीएच पट्ट्यांचं पाकीट आणि एक वही ठेवा. पट्ट्या शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. दर दोनशे-तीनशे पावलांवर, आणि जिथे दुसरा ओघळ येऊन मिळतो तिथे त्याच्या आधी आणि नंतर, पट्टी बुडवून सामू लिहायचा. पाण्याचा रंग, दगडावरचा थर, बेडूक-मासे आहेत की नाहीत, काठावर कोणतं गवत आहे, तेही लिहायचं. सामू सहाच्या खाली गेला की त्या जागेवर नकाशात लाल खूण करा. चालत वर गेलात की एका जागी लाल खुणा अचानक थांबतात. विष तिथूनच शिरतं. आमच्याकडे ती जागा खड्डा नव्हताच. दोन ढिगांच्या बेचक्यातून निघणारी हातभर रुंद झिर होती, आणि एवढी वर्षं आम्ही दोष खड्ड्याला देत होतो.

जुन्या गुराख्याला, पोलीस पाटलांना आणि खदानीत काम केलेल्या माणसाला सोबत घ्या. पूर्वी नाला कुठून वाहत होता, कुठली झिर बारमाही होती, कोळसा कुठे पेटला होता, हे त्यांनाच ठाऊक असतं.

नमुने आणि तपासणी

पट्टी फक्त इशारा देते. कार्यालयात चालतो तो प्रयोगशाळेचा अहवाल. निदान पाच नमुने घ्या : खड्ड्यातलं पाणी, जिथून झिर निघते ती जागा, गावाच्या खाली नाला, गावातली पिण्याची विहीर किंवा हापसी, आणि खदानीच्या वरच्या अंगाची, तिचं पाणी पोचणारच नाही अशी एक विहीर. हा पाचवा नमुना लोक विसरतात आणि तिथेच प्रकरण ढिलं पडतं. तुलनेला चांगली विहीर नसेल तर समोरचा सरळ म्हणतो, "इथलं पाणी मुळातच असं आहे." कधी कधी ते खरंही असतं. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या अनेक भागांत फ्लोराइड खडकातूनच येतं, त्याचा दोष खदानीवर टाकता येत नाही. पाचव्या विहिरीतही फ्लोराइड निघालं तर तसं प्रामाणिकपणे लिहा. बाकीच्या आकड्यांना त्यामुळे वजनच येतं.

बाटली नवी, प्लास्टिकची, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली असावी. धातूंच्या तपासणीसाठी वेगळी बाटली लागते, ती प्रयोगशाळेतूनच घ्या, कारण तिच्यात थोडं आम्ल घालून देतात. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही. नमुना घेताना सरपंच किंवा ग्रामसेवक हजर ठेवून साधा पंचनामा करा आणि चोवीस तासांच्या आत बाटल्या पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा हे पहिलं ठिकाण. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी पेटी वापरायला शिकवलं आहे, पण त्या पेटीत मँगनीज, सल्फेट आणि जड धातू सहसा तपासता येत नाहीत. म्हणून मागणीपत्रात हे घटक नावानिशी लिहा : सामू, एकूण विरघळलेले क्षार, काठिण्य, सल्फेट, लोह, मँगनीज, फ्लोराइड, शिसं, आर्सेनिक.

अहवाल आला की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस १०५००शी, ताडून पाहा. सामू ६.५ ते ८.५ हवा. क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. सल्फेट २००, नाइलाजाने ४००. मँगनीज ०.१, नाइलाजाने ०.३. फ्लोराइड १, नाइलाजाने १.५.

पिण्याचं पाणी त्याच दिवशी बदला

अहवालात पिण्याची विहीर नापास झाली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. त्या विहिरीवर किंवा हापसीवर लाल रंग मारा आणि ग्रामपंचायतीकडून टँकर किंवा दुसऱ्या स्रोताचं पाणी मागा. पाणी उकळून धातू जात नाहीत. वाफ उडून जाते आणि खाली धातूंचं प्रमाण उलट वाढतं. घराघरात हे समजावून सांगावं लागतं, कारण उकळलं की पाणी शुद्ध झालं असंच आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे.

एकट्या लोहाचा त्रास असेल तर पाणी उंचावरून धार धरून पाडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून काढा. बराचसा फरक पडतो. फ्लोराइड, शिसं, आर्सेनिक यांवर हा उपाय चालत नाही, तिथे स्रोतच बदलायचा. शाळा आणि अंगणवाडीच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवणं हा आपल्याकडचा स्वस्त मार्ग आहे. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात धूळ असते.

आम्ल मारायचं कसं

इथे चंद्रपूर-यवतमाळचं नशीब चांगलं आहे, कारण आम्लाचा उतारा असलेला चुनखडीचा दगड जवळच मिळतो. दगड चुनखडीचाच आहे याची खात्री करायला त्यावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसला तर चुनखडी. काळा बसाल्ट ढिम्म राहतो. हातात जाड रबरी मोजे घालूनच हे करा.

मग बाटलीची परीक्षा घ्या. एका पारदर्शक बाटलीत झिरेचं एक लिटर पाणी आणि हरभऱ्याएवढे फोडलेले चुनखडीचे खडे मूठभर टाका. दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी. दोन्ही हलवा आणि एक दिवस ठेवा. आमच्या पहिल्या बाटलीत दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी बोटभर तांबडा गाळ बसला होता, वरचं पाणी नितळ झालं होतं, आणि पट्टी चारवरून साडेसहावर गेली होती. बाटली ग्रामसभेत टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांच्या भाषणांनी झालं नव्हतं ते त्या बाटलीने केलं.

बाटली पास झाली तर तेच मोठ्या आकारात करायचं. झिरेपासून नाल्यापर्यंत चर खणून त्यात मुठीएवढे चुनखडीचे दगड भरा. चरापुढे गाळ बसायला एक खड्डा, त्याच्यापुढे उथळ दलदल. खड्डा किती मोठा, ते असं काढा. झिर एका पन्हाळीत आणा, खाली पंधरा लिटरची बादली लावा, मोबाइलवर वेळ मोजा. दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला दीड लिटर, म्हणजे दिवसाला साधारण १३० घनमीटर. पाणी दोन दिवस थांबायला हवं, म्हणून खड्डा २६० घनमीटरचा : एक मीटर खोल, वीस मीटर लांब, तेरा मीटर रुंद. मोजणी पावसाळ्याच्या शेवटी करा, उन्हाळ्यात केली तर खड्डा तोकडा पडेल. उथळ दलदलीत पाणकणीस लावा. ते आपल्या तलावांच्या काठी मिळतंच, आणि त्याच्या मुळांशी राहिलेलं लोह अडकतं.

एक अडचण आधीच सांगतो, कारण आमचा पहिला चर तिनेच मारला. चुनखडीवर लोहाचा गाळ चढतो आणि दगड चिलखत घातल्यासारखा निकामी होतो. डोंगराळ भागात पाण्याचा जोर तो थर खरवडून काढतो. आपली जमीन सपाट, पाणी संथ. म्हणून आठवड्यातून एकदा चरातले दगड लोखंडी दाताळ्याने उलटेपालटे करावेच लागतात. दुसरं, घाई करून भाजलेला किंवा विझवलेला चुना ओतू नका. प्रमाण चुकलं तर सामू नऊच्या वर जातो आणि उरलेसुरले मासेही मरतात. तिसरं, खड्ड्यात बसलेला तांबडा गाळ खत म्हणून वावरात टाकू नका. तो ढिगावरच प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या खड्ड्यात टाकून मातीने झाकायचा.

मँगनीज या रीतीने फारसं जात नाही. त्याला वेगळी प्रक्रिया लागते, तिथे नागपूरच्या नीरीसारख्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या, संस्थेचा सल्ला घ्या.

चर खणण्याआधी जागा कुणाची ते पाहा. खाणपट्ट्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. नाला आणि गावठाणाच्या बाजूची जागा मात्र ग्रामपंचायतीच्या ठरावाने वापरता येते.

ढीग

ढिगावर झाडं लावण्याआधी ढीग थांबायला हवा. दर पावसात त्याचा गाळ नाल्यात उतरत असेल तर लावलेलं रोपही त्याच्यासोबत उतरतं. पायथ्याशी दगडांची रचीव भिंत आणि भिंतीच्या आत ढिगाला वळसा घालणारी चर हवी. ढिगाचा उतार २८ अंशांहून कमी असावा, उंची पायऱ्या-पायऱ्यांची असावी. उतार मोडायला पोकलेन लागतं. ते काम खाणमालकाचं आहे, गावाने अंगावर घेऊ नये. भिंत आणि चर मात्र रोजगार हमीतून होऊ शकते.

आमची झाडं का मेली ते नंतर कळलं. ओबीमध्ये सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात, पाणी धरून ठेवायला काहीच नसतं, आणि उन्हात तो काळा थर तव्यासारखा तापतो. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर नीरीच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातली प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मुळांशी राहणारे उपयोगी जिवाणू-बुरशी वापरून जंगल उभं केलं. त्यातून घ्यायचं ते एवढंच : रोपाआधी माती तयार करायची. पहिल्या वर्षी फक्त गवत आणि चारा. उतारावर आडव्या ओळींत वाळा, मधे मारवेल आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेणखत आणि तलावाचा गाळ भरलेल्या खड्ड्यांत करंज, कडुलिंब, खैर, आवळा, सीताफळ, बांबू. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ लावू नका. जगतील, पण पुढे वावरात शिरतील.

वावर

काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते, ती थोडंफार आम्ल पचवते. खरा धोका क्षारांचा. खड्ड्याचं पाणी कपाशीला द्यायचं असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासा. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज देणारा आकडा, मीटरमागे २.२५ डेसिसायमनच्या वर असेल तर ते पाणी देऊ नका. मत्स्यपालनाचा विचारही धातूंचा अहवाल हातात आल्यावरच करा.

जीव घेणाऱ्या गोष्टी

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर काही क्षणांत जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. तुमच्या गावाखाली जुनं भूमिगत काम असेल तर या खुणांवर लक्ष ठेवा : भिंतीला पायऱ्यांसारख्या वाढत जाणाऱ्या भेगा, विहिरीचं पाणी एका रात्रीत गायब होणं, थंडीच्या सकाळी जमिनीच्या फटीतून वाफ निघणं. अशी खूण दिसली तर घर रिकामं करा, मग तहसीलदारांना कळवा. या क्रमात बदल करू नका. खाण सोडताना भूमिगत कामाचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. तो नकाशा गावाने मागून घ्यावा.

ढिगात कोळसा धुमसत असेल तर वरून पाणी मारू नका. तापलेल्या कोळशावर पाणी पडलं की वाफेचा स्फोट होऊ शकतो आणि विषारी वायू निघतात. जाड मातीने झाकून, दाबून हवा बंद करायची असते, तेही जाणकारांच्या देखरेखीत. जुन्या बोगद्यात कुणीही शिरू नये. तिथे हवेत प्राणवायू फार कमी असू शकतो आणि माणसाला ते कळायच्या आत तो पडतो. खड्ड्याला कुंपण नसेल तर ते येईपर्यंत किमान काटेरी फांद्यांचा आडोसा करा आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी शाळेत जाऊन पोरांशी बोला. खदानीच्या खड्ड्याला उतरता काठ नसतो. पाय घसरला की सरळ खोल पाणी.

जबाबदारी आणि पैसा

बंद खदान बेवारस असते असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. कोळसा खाणी १९७३ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या, त्यामुळे जुन्या खासगी खाणींचेही कागद कुठेतरी आहेत. कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांपासून खाण नीट बंद करण्यासाठी कंपनीला वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. तेव्हाचा दर खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला १ लाख रुपये होता. शंभर हेक्टरच्या खड्ड्यामागे हे सहा कोटी होतात. मँगनीज, चुनखडीसारख्या खनिजांसाठी २०१७च्या नियमांनी हेक्टरी ३ किंवा २ लाखांची हमी घातली, २०२१च्या दुरुस्तीने ती ५ किंवा ३ लाख झाली.

हे काढायचं हत्यार म्हणजे माहितीचा अधिकार. राज्याच्या कार्यालयांत अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून तीन वेगळे अर्ज करा, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज केंद्राच्या कार्यालयाकडे किंवा कंपनीकडे असेल तर स्टॅम्पऐवजी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. एकात खाण बंद करण्याचा मंजूर आराखडा, दुसऱ्यात त्या खात्यातली रक्कम आणि झालेला खर्च, तिसऱ्यात पर्यावरण मंजुरीच्या अटींचे सहामाही पालन अहवाल. आराखड्यात "कुंपण पूर्ण" असं लिहिलेलं असेल आणि जागेवर एक खांबही नसेल, तर त्या पानाची प्रत आणि जागेचा फोटो शेजारी-शेजारी लावून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या आणि संयुक्त पाहणी मागा. पाहणीच्या दिवशी तुमची वही आणि लाल खुणांचा नकाशा सोबत असू द्या. साहेबांना आधी झिरेपाशी न्या, खड्ड्यापाशी नंतर.

मालक खरोखरच सापडत नसेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जा. २०१५च्या कायदा दुरुस्तीने आलेल्या या निधीत खाणचालक रॉयल्टीच्या ३० किंवा १० टक्के रक्कम भरतात. पिण्याचं पाणी, आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण हे त्यातल्या खर्चाचे अग्रक्रमाचे विषय आहेत. २०२४च्या सुधारित सूचनांनुसार किमान ७० टक्के खर्च अशा अग्रक्रमाच्या विषयांवर हवा, आणि खाणीपासून १५ किलोमीटरचा परिसर थेट बाधित धरला जातो. ग्रामसभेचा ठराव, प्रयोगशाळेचा अहवाल आणि अंदाजपत्रक एकत्र जोडलं तर प्रस्ताव लवकर परत फिरत नाही. गडचिरोलीत आणि चंद्रपूर-यवतमाळच्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा लागू असलेल्या) ग्रामसभेच्या ठरावाला आणखी वजन आहे. सगळे दरवाजे बंद झाले तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण आहे. पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीला कारण घडल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, म्हणून पहिल्या अहवालाची तारीख जपून ठेवा.

वही चालू ठेवा

चर झाला, खड्डा झाला, दलदल धरली, तरी दर मे आणि दर ऑक्टोबरला त्याच पाच जागांवरून, त्याच पद्धतीने नमुने घ्यायचे. दगड उलटण्याचं काम कुणाच्या नावावर आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्याकडे ते दोन बचत गटांकडे आळीपाळीने आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार जणी दाताळी घेऊन जातात, तासाभरात चर हलवतात आणि येताना पट्टी बुडवून आकडा लिहितात. गेल्या ऑक्टोबरात गावाखालच्या नाल्याचा आकडा ६.४ होता. त्याच पानावर त्यांच्यातल्या एकीने खाली लिहून ठेवलंय : आज पुलाखाली दोन बेडूक दिसले.